सोशीचं विरजण

बशीत रेघ होती.

स्वप्नाली पार्टेनं ती आधी ओढणीच्या टोकानं पुसून बघितली. पुसली जाईना, तेव्हा कळलं की रेघ झाकणावर नाही, आत आहे. तळव्याएवढी काचेची बशी. तिच्या एका अंगाला पांढरी, कापसासारखी बुरशी आणि दुसऱ्या अंगाला करडी, उंदराच्या पाठीसारखी. मधोमध तपकिरी, नखानं ओढल्यासारखी बारीक रेघ.

सकाळचे साडेदहा वाजले होते. दुपारी दोनला ड्रोन उडणार होते आणि साडेपाचला दांडेमाळच्या पठारावर धुकं उतरणार होतं. दोन हजार त्रेचाळीस सालापर्यंत हवामानाचा अंदाज माणसाच्या शब्दापेक्षा भरवशाचा झाला होता. साडेपाच म्हणजे साडेपाच.

ही बशी फ्रीजमध्ये मागं सरकून बारा दिवस तशीच राहून गेली होती. स्वप्नालीला त्यात फक्त पांढरा, झोपाळलेला एक ठिपका दिसायला हवा होता. कारण बशीत पेरली होती ती एकच बुरशी, आणि तिला थंडी सोसत नव्हती. बाकी सगळं सोसायची, म्हणून तर गावानं तिचं नाव ‘सोशी’ ठेवलं होतं.

पठारावर स्ट्रॉबेरी पिकते आणि स्ट्रॉबेरीवर करडी बुरशी येते, हे आजीच्या काळापासूनचं. पूर्वी औषध मारलं की ती जायची. मग जाईनाशी झाली. एकेका औषधाला पुरून उरत, पस्तीस सालापर्यंत तिनं सगळीच औषधं पचवली. धुक्याचे चार दिवस लागले, की लाल फळावर करडी लव चढायची आणि खोकेच्या खोके ओढ्यात ओतावे लागायचे.

तेव्हा संशोधन केंद्रातून पाटणकर सर नावाचे गृहस्थ आले आणि त्यांनी गावाला सांगितलं, की करडी बुरशी म्हणजे एक बाई नव्हे, अख्खं भावकीचं गाव आहे. नाव एक, पण प्रत्येकीची तब्येत वेगळी. एखादी भारंभार बीजाणू उधळते, एखादी बीजाणू न करता काळे टणक दाणे धरून जमिनीत पडून राहते. एकीला बावीस अंश लागतात, दुसरी बर्फाच्या शेजारी बसूनही जेवते. काही फळात जहाल आम्ल सोडून पेशी विरघळवतात, काहींना ते जमतच नाही. आणि या सगळ्यांत एक अशी सापडली होती, की जिला स्वतःलाच विषाणूचा आजार होता. जन्माची सर्दी म्हणा. ती जगायची, वाढायची, पण तिच्यात फळ कुजवण्याचा दम नव्हता.

तिचा उपयोग काय? तर जागा धरणं. स्ट्रॉबेरीचं फूल सुकायला लागलं की बुरशी आधी त्या पाकळीवर बसते आणि तिथून फळात उतरते. पाकळीवर आधीच सोशी बसलेली असली, की मागून येणारीला जागाच नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून ठेवावा तसं. शिवाय दोन बुरश्यांचे धागे जुळले, तर सोशीचा आजार दुसरीलाही लागतो आणि तीही मवाळ होते. पण धागे जुळतात ते सोयरीक जमणाऱ्यांतच. न जमणाऱ्या दोघी समोरासमोर आल्या की शिवेवरचे धागे मरतात आणि मेलेल्या धाग्यांची तपकिरी रेघ पडते.

तीच रेघ आता स्वप्नालीच्या हातात होती.

म्हणजे सोशीच्या बशीत दुसरी कुणीतरी होती. थंडीत वाढणारी, करडी, धडधाकट. आणि ती कुठून आली, हे जगात एकट्या स्वप्नालीला माहीत होतं.

पाटणकर सर निवृत्त झाले, केंद्रातला तो विभागच बंद झाला. जाताना सर वीस नळ्या देऊन गेले होते, उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये गोठवलेल्या. त्या मूळ नळ्या. नियम असा होता, की दर पाच वेळा नवी बशी लावून झाली की मागची सगळी टाकून द्यायची आणि पुन्हा मूळ नळीपासून सुरुवात करायची. बारावी नापास बाईनं सरांच्या पाठीमागं उभं राहून, बघून बघून शिकलेलं काम. तिच्या हाती ते देऊ नये असं गावच्या स्ट्रॉबेरी संघातल्या निम्म्या लोकांचं मत होतं. तेव्हाही अध्यक्ष असलेल्या तिच्या थोरल्या जाऊबाई वैजयंता, म्हणजे वैजूताई, सभेत उठून म्हणाल्या होत्या, “आमच्या स्वप्नीच्या हाताखालचं दही कधी नासलेलं बघितलंय का कुणी?”

चार वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात पाच दिवस वीज गेली. बॅटरी दोन दिवस तगली. तिसऱ्या दिवशी वीसच्या वीस नळ्यांचं पाणी झालं.

स्वप्नालीनं त्या दिवशी काय केलं, तर घरातली कुठलीही बाई करेल तेच. वीज आली तशी हाताशी असलेली चालू नळी घरच्या फ्रीजमध्ये ठेवली आणि पुढच्या खेपेला तीच विरजण म्हणून वापरली. मग त्यातलं थोडं पुढच्या खेपेला. मग त्यातलं पुढच्या. दही लागत होतं. पठार पिकत होतं. महिन्याच्या बैठकीत वैजूताई विचारायच्या, “मूळ नळ्या ठीक?” आणि ती म्हणायची, “ठीक.” पहिल्यांदा म्हणताना तिनं उगाच कपबशा आवरायला घेतल्या होत्या. नंतर नंतर ते जेवण झालं का विचारल्यावर हो म्हणण्यासारखं झालं.

घरच्या फ्रीजमध्ये त्या नळीच्या शेजारी स्ट्रॉबेरीचा एक खोका होता, हे तिला आज आठवलं. वैजूताईंच्या लेकीसाठी राखलेला. त्यातली दोन फळं फ्रीजमध्येही करडी झाली होती आणि तिनं ती चिमटीत धरून फेकली होती. त्याच चिमटीनं नळीचं बूच उघडलं असणार. फ्रीजमध्ये सोशी झोपायची आणि ही दुसरी जागी असायची. दर पंधरा दिवसांनी स्वप्नाली बशीच्या वाढत्या कडेचं विरजण घ्यायची, आणि कडेला जी जागी असेल तीच असणार. खोलीत बावीस अंशावर सोशी भराभर वाढून तिला झाकून टाकायची, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

पण यंदा पिंपं थंडीत होती.

चौदा पिंपं. प्रत्येकात तांदळाच्या कण्यांवर वाढवलेली सोशी, एकेक पिंप तीस एकरांना पुरणारी. पाच खोलीत, नऊ मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. गेले सहा दिवस आभाळ भरलेलं, सोलर लंगडं, शेडमधले गरम पट्टे जेमतेम कोमट. शेडचा पारा आठ अंश.

स्वप्नालीनं बशी प्रेशर कुकरमध्ये टाकली. खराब बशा उकडून मारायचा हा मोठा कुकर होता. झाकण लावलं, गॅस पेटवला. तीन शिट्ट्या झाल्या की रेघ नव्हतीच.

“स्वप्ने! अगं ए स्वप्ने! दार उघड, का आत नवरा लपवलायस?”

वैजूताई. साठीला टेकलेल्या, डोक्याला लोकरी टोपी, पायात बूट. मागून इक्बाल मुजावर ड्रोनची गाडी मागे घेत होता.

“माझा नवरा मुंबईला आहे, ताई.”

“म्हणून तर विचारलं.” वैजूताई आत आल्या, कुकरकडं बघून म्हणाल्या, “काय शिजवतीस? डाळ हाय व्हय?”

“बशा हायत.”

“घे, म्हणजे आज पण चहावरच भागवा.” त्यांनी खुर्ची ओढली. “इक्बाल, शेडमधली आधी भर. लांबच्या शेतांना तीच जाऊ देत.”

“भरतो, अध्यक्षीणबाई. वहिनी, कण्या धुवून ठेवल्यात ना?” इक्बालनं बाहेरून विचारलं.

“ठेवल्यात,” स्वप्नाली म्हणाली. पहाटेच तिनं चौदाही पिंपांत पाणी सोडून कण्या ढवळल्या होत्या. आता फक्त ते बीजाणूंचं पाणी गाळायचं आणि ड्रोनच्या टाकीत ओतायचं.

कुकरची पहिली शिट्टी झाली.

स्वप्नालीनं गॅस बंद केला. का केला ते तिला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही. त्या शिट्टीनं ती दचकली, एवढंच.

“मी आलेच,” म्हणून ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली. कालचा अर्धा जांभळा कोबी होता. तो चिरून गरम पाण्यात चुरगळला. पाणी जांभळंशार झालं. आम्लाशी गाठ पडली की हे पाणी गुलाबी होतं, हे तिला पाटणकर सरांनी नव्हे, कोबीच्या कोशिंबिरीवर पिळलेल्या लिंबानं शिकवलं होतं. सोशीला आम्ल करता येत नाही. दुसरीला येतं.

चहाचे चौदा कागदी कप घेऊन ती खोलीतल्या पिंपांकडं गेली. एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक कपात पिंपातलं थोडं पाणी, वर कोबीचं. पाचही जांभळे.

शेडमध्ये सहावा गुलाबी झाला. सातवा गुलाबी. आठवा तर कोकम सरबतासारखा. पुढचे सहाही तसेच. इक्बाल नवव्या पिंपाला पाइप लावत होता.

“वहिनी, हे काय? रंगपंचमी?”

“इक्बालभाऊ, पाइप काढा.”

“अहो, एक टाकी भरली पण...”

“काढा म्हणते ना!”

आवाज इतका चढला की वैजूताई उठून आल्या. त्यांनी नऊ गुलाबी कप पाहिले, जावेचं तोंड पाहिलं. “काय झालं?”

“ही सोशी न्हाई, ताई. म्हणजे आहे, पण तिच्याबरोबर दुसरी आहे. थंडीत ती वाढली. शेडमधल्या नवाच्या नऊ पिंपांत.”

“मग? मूळ नळीतनं नवी लाव की.”

“आठ दिवस लागतील.”

“मग संध्याकाळचं काय? बरं, ही दुसरी आली कुठनं?”

आता खोटं बोलायला अजूनही जागा होती. पट्टे बिघडले, शेडमध्ये वारा शिरला, घाण आली. सगळं खरंच तर होतं थोडं थोडं.

“मूळ नळ्या न्हाईत,” स्वप्नाली म्हणाली. “चार वर्षं झाली. वादळात विरघळल्या. मी विरजण लावत आले.”

इक्बालनं पाइप खाली ठेवला आणि तो गाडीच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. माणूस शहाणा होता.

वैजूताईंनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली. “दर महिन्याला विचारत होते मी तुला.”

“हो.”

“अठ्ठेचाळीस वेळा तरी विचारलं असंल.”

“हो, ताई.”

“आणि तू अठ्ठेचाळीस वेळा माझ्या तोंडाकडं बघून...” त्या थांबल्या. मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, “किती हाय ती? दुसरी? थोडीशीच आसंल ना? चार वर्षं हेच विरजण म्हणतीस, मग दरसाली काय झालं न्हाई ते आजच का हुईल?”

“दरसाली नखाएवढी असायची. आता कपाचा रंग बघा.”

“रंगावरनं मला कळत न्हाई. मला सांग, न उडवता ठेवलं तर?”

“तर पाकळ्या मोकळ्या. रानातली जी येईल ती बसंल. निम्मं पीक जाईल.”

“आणि हे उडवलं तर?”

“आपल्याच हातानं बसवल्यासारखं. धुक्यात तीन दिवसांत सगळं. आणि हिला थंडी मानवते, ताई. जे फळ वाचंल ते शीतगाडीत कुजंल. वाशीला गाडी उघडतील तेव्हा...”

“पुरे.”

वैजूताई शेडच्या दारात गेल्या. समोर चारशे वीस एकर उतरत गेलेलं पठार, काळ्या मल्चिंगच्या कागदावर हिरवे गड्डे, आणि त्यांत पांढरी फुलं इतकी की कुणीतरी मुरमुरे सांडलेत असं वाटावं. एकशे ऐंशी घरं. सगळ्यांनी एकाच बुरशीवर विसंबायचं, हे वैजूताईंनी त्यांना पटवलं होतं. एकेकाच्या ओसरीवर बसून, एकेकाचा चहा पिऊन.

“आपण दोघी आणि इक्बाल,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “तिघांनाच माहीत हाय. पाच पिंपं उडवायची. बाकीच्यात साधं पाणी भरून उडवायचं. ड्रोन सगळ्यांच्या डोक्यावरनं गेलेलं दिसंल. पुढं पीक गेलं तर धुक्यानं गेलं.”

स्वप्नालीच्या जिवाला त्या क्षणी जो गारवा वाटला त्याची तिला नंतर कितीतरी दिवस लाज वाटली. वैजूताई तिला वाचवत होत्या. स्वतःलाही, पण तिला आधी.

ती भिंतीला टेकली. “पाणी उडवलं की लोक निवांत घरी बसतील, ताई. सोशी न्हाई असं सांगितलं, तर निदान हात चालवतील. फुलं खुडून टाकली, पिकलेलं फळ तोडून आणलं, तर बुरशीला बसायला काही राहत न्हाई. झाड वाचतं. पंचवीस दिवसांत नवी फुलं. सात तास आहेत... न्हाई, सात न्हाईत. सहा.”

“आणि आत्ताचा बहर?”

“तो गेला.”

“लोक तुला फाडून खातील.”

“हो.”

“मलापण.”

“तुम्हाला माहीत नव्हतं असं मी सांगीन. आणि ते खरंच आहे.”

वैजूताई वळल्या. त्यांनी खिशातली संघाच्या भोंग्याची किल्ली काढली आणि जावेच्या पायाशी टाकली. हातात दिली नाही. “जा मग. तुझ्या तोंडानं सांग. इक्बाल! भरलेली टाकी ओत त्या कुकरात. आणि खोलीतली पाच घे.”

“कुठल्या शेतांवर, अध्यक्षीणबाई?”

“ज्यांच्यात खुडायला माणसं न्हाईत त्यांच्यावर. म्हातारी घरं, एकटी घरं. दीडशे एकर. पार्ट्यांचं गुंठाभरही घेऊ नकोस, माझं पण न्हाई, हिचं पण न्हाई.”

भोंग्यावरून दांडेमाळनं आजवर लग्नं, मयतं आणि पाण्याच्या वेळा ऐकल्या होत्या. स्वप्नाली पार्टेचा आवाज पहिल्यांदाच. ती काय बोलली ते फार लांबलचक नव्हतं. मूळ नळ्या चार वर्षांपूर्वी गेल्या, मी लपवलं, अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. चौदापैकी नऊ पिंपं बिघडली. पाच पिंपं कुणाकुणाच्या शेतावर जातील त्यांची नावं. बाकीच्यांनी साडेपाचच्या आत फुलं आणि फळं खुडायची, पाकळी खाली पडू द्यायची नाही, सगळं पोत्यात. “कसं खुडायचं ते ज्याला कळत नसेल त्यानं मला हाक मारा, मी येते,” असं शेवटी ती म्हणाली. मग जरा थांबून, “चुकलं माझं,” असंही. भोंगा बंद करायचं राहिलं, त्यामुळं पुढचं तिचं नाक ओढणंही चारशे वीस एकरांनी ऐकलं.

पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग वरच्या आळीतून कुणाच्या तरी शिव्या आल्या, चांगल्या ठणठणीत. त्यांच्या मागोमाग पोती घेतलेली माणसं आली.

सगळ्यात आधी तिच्यासमोर उभी राहिली मालन रांजणे. आठ एकर, दोन सुना, जीभ तिखट. “बोलून मोकळी झालीस. आता चल, माझ्या रानात हात लाव.”

“येते, मालनकाकी.”

“येऊन उपकार करू नकोस. दोन्ही हातांनी खुड. आन् मला सांगू नकोस कसं खुडायचं, तुझ्या जल्माच्या आधीपासनं खुडतीया.”

ती खुडत राहिली. मालनकाकीचं झालं, तिथून बांधापलीकडच्या शेतात. देठ नखानं तोडायचा, फूल मुठीत, मूठ पोत्यात. कुणी तिच्याशी बोललं नाही. एकानं पाण्याचा तांब्या तिच्या पुढून नेऊन पुढच्या माणसाला दिला. एका सरीत मात्र कुणाच्या तरी सुनेनं विचारलं, “वहिनी, अर्धी पिकलेली पण तोडायची?” आणि तिनं सांगितलं, “हो, नख लागलेली पण.” तेवढ्या प्रश्नासाठी तिनं त्या पोरीला मनातल्या मनात शंभर वर्षं आयुष्य दिलं.

वरून इक्बालचे ड्रोन गेले, म्हाताऱ्यांच्या आणि एकट्यांच्या शेतांकडं. माणसांनी मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली.

पाच वाजता हवेला ओल सुटली. सव्वापाचला खालच्या दरीतून पांढरी कड दिसायला लागली. ज्यांचं झालं होतं ते ज्यांचं राहिलं होतं त्यांच्या सरीत शिरले. कुणी सांगितलं नव्हतं. साडेपाचला पठारावर ड्रोनची शेतं आणि आणखी तीन सोडून सगळीकडं नुसता पाला राहिला होता, बोडक्या गड्ड्यांचा.

त्या तिनांतली दोन पार्ट्यांची होती. शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. दिवसभरात तिकडं फिरकायला दोघींनाही वेळ झाला नव्हता.

वैजूताई बांधावर उभ्या होत्या. बोटं हिरवी, नखं फाटलेली. स्वप्नाली येऊन चार हात अंतर ठेवून उभी राहिली. समोर फळ लालभडक होतं, यंदाचं सगळ्यात देखणं. धुकं खालच्या बांधावरून चढलं, पहिल्या सरीवरून सरकलं, आणि लाल रंग एकेक करून पुसत वर यायला लागलं.

“अर्धा एक तास हाय अजून?” वैजूताईंनी विचारलं.

“न्हाई. ओलं झाल्यावर खुडलं तर हातानंच पसरतं.”

“करडं व्हायला किती दिवस लागतील?”

“तीन.”

“चार न्हाई?”

“तीनच, ताई.”

वैजूताईंनी प्रथमच मान वळवून तिच्याकडं नीट बघितलं. “खरं सांगतीस?”

आज सकाळपर्यंत हा प्रश्न त्यांनी जावेला कधी विचारला नव्हता. आता त्या तो रोज विचारणार होत्या. नळ्यांबद्दल, बशांबद्दल, मिठाबद्दल, कुठं गेली होतीस त्याबद्दल. किती वर्षं, ते स्वप्नालीला माहीत नव्हतं.

“खरं,” ती म्हणाली.

वैजूताईंनी थोडा वेळ त्या शब्दाकडं बघावं तसं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग टोपी डोक्यावर ओढली आणि म्हणाल्या, “तिसऱ्या दिवशी सकाळी ये. आपलं दोघींचं पीक मिळून जाळू.”